अण्णांच्या नावावर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. देवळ्याच्या बहिणीला नाही, आणि माझ्या गुडघ्यांपासून मृत्युपत्रापर्यंत सगळं जिला ठाऊक आहे त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ज्यांना सांगायला हवं ते माझ्या दारापासून सात पावलांवर राहतात. मोजली आहेत मी. रोज दोन-तीनदा ती सात पावलं टाकते, पेपर द्यायला, कोथिंबीर मागायला. हे सांगायला मात्र तीन वर्षांत एकदाही टाकता आलेली नाहीत.

मी ग्रंथपाल होते. नाशिकच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं. ग्रंथालयातल्या झेरॉक्स मशीनवरची पाटी माझ्या अक्षरातली होती: 'संपूर्ण पुस्तकाची प्रत काढणे हा गुन्हा आहे.' खाली कॉपीराइट कायद्याचं कलमही लिहिलं होतं, म्हणजे मुलं घाबरतील. मुलं त्याच पाटीखाली उभी राहून अख्खी पुस्तकं झेरॉक्स करायची आणि मी त्यांच्या हातातून ती काढून घ्यायचे. लेखकाच्या कष्टांवर एक छोटं भाषण द्यायचे. भाषण चांगलं होतं. मला पाठ होतं—अजून आहे.

निवृत्त झाल्यावर मी चित्रपट चोरायला लागले.

'चोरायला' हा शब्द तेव्हा मी वापरत नव्हते. तेव्हा म्हणायचे, 'उतरवून घेते.' ज्या परदेशी चित्रपटांबद्दल तीस वर्षं नुसतं वाचलं, ते एका जुन्या सहकाऱ्याने दाखवलेल्या टॉरेंट नावाच्या जादूने घरच्या संगणकावर यायला लागले. ते नाशिकला कधीच लागले नसते, त्यांचे दिग्दर्शक केव्हाच वारले, कुणाचं काय गेलं? असं मी स्वतःला सांगायचे. मग जुन्यांवरून नव्यांवर आले. मग मराठीवर. एका साप्ताहिकात चित्रपटांवर सदर लिहायचे, तेवढं निमित्त पुरे झालं. शेवटी शेवटी तर घरापासून पंधरा मिनिटांवरच्या थिएटरात लागलेला चित्रपटही मी घरीच उतरवायचे—कारण तिथे राष्ट्रगीतानंतरही लोक मक्याच्या लाह्या चघळतात, आणि मला त्याचा त्रास होतो. माणूस स्वतःच्या सोयीला किती उच्च अभिरुचीचं नाव देऊ शकतो, नाही?

आणि वाय-फाय माझं नव्हतं. अण्णांचं होतं.

अण्णा समोरच्या दारात राहतात. एसटीत ड्रायव्हर होते. मूळ घर मखमलाबादकडचं, भाऊ अजून फुलं लावतो. रोज सकाळी झेंडू, शेवंती, जे असेल ते पंचवटीच्या बाजारात जाण्याआधी त्यातली मूठभर फुलं अण्णांकडे येतात आणि त्यांतली एक पुडी माझ्या दाराच्या कडीला लटकते. मी देव मानत नाही हे त्यांना माहीत आहे. "देवाला नका वाहू, ताई. पुस्तकाला वाहा," असं एकदा म्हणाले होते.

आमच्या मजल्यावर एक रिवाज होता. पेपर एकच घ्यायचा—माझा. वाय-फाय एकच—अण्णांचं. लेक परदेशी गेली तेव्हा तिच्याशी बोलायला म्हणून त्यांनी ते बसवलं, आणि त्याच दिवशी पासवर्ड कॅलेंडरच्या पानावर लिहून मला आणून दिला. दोन घरांत दोन-दोन कशाला? आमच्याकडे पापडाची लाटणी, शिडी, इडलीपात्र अशीच फिरतात. त्यात वाय-फायही फिरलं. ते कुणाच्या नावावर आहे याचा विचार, शिडीवर चढताना आपण जितका करतो, तितकाच मी केला.

आता वैशूबद्दल. अण्णांची एकुलती लेक, लग्न होऊन डब्लिनला. आई ती बारावीत असताना गेलेली. पहिलं बाळंतपण माहेरी असतं—पण वैशूला ते शेवटचे महिने विमानात बसायची परवानगी नव्हती, आणि चांदवडची सासू अंथरुणाला खिळलेली. तेव्हा अण्णांनी जाहीर केलं, "ती माहेरी येऊ शकत नाय ना? मंग माहेरच तिकडं जाईल." पासष्टाव्या वर्षी त्यांनी पासपोर्टचा अर्ज भरला. मीच भरून दिला. व्यवसायाच्या रकान्यात 'सेवानिवृत्त' लिहिलं तर म्हणाले, "तात्पुरतं सुईण लिहा."

आणि ते शिकायला लागले. माझ्याकडे. मी पाच भावंडांत थोरली, देवळ्याला असताना खालच्या चौघांना आंघोळी मीच घातलेल्या. माझ्या न्हाणीघरात अण्णा पाटावर बसायचे, पाय लांब सोडायचे, आणि पायांवर बाळ म्हणून दुधी भोपळा. तेल लावलेला दुधी किती निसटतो याची तुम्हाला कल्पना नसेल. पहिल्या दिवशी तो मोरीत गेला. अण्णांचा चेहरा असा झाला की मी हसू शकले नाही.

"मान, अण्णा, मान! मानेखाली हात!"

"ह्याला मान कुठंय, ताई?"

"देठ म्हणजे मान."

मग ते देठाखाली चार बोटं देऊन, बस घाटातून उतरवताना धरत असतील तितक्या सावध हातांनी, त्या दुधीला उलटं करायचे, पाठीवर पाणी सोडायचे आणि पुटपुटायचे, "झालं, झालं, रडू नको, झालं." पंधरा दिवसांत ते माझ्यापेक्षा चांगली आंघोळ घालायला लागले. दुधी सुकला, तर त्याची भाजी करायला त्यांचा हात होईना. गाईला घातला, तोही तोंड फिरवून.

हे सगळं मी लांबवते आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्याही आलं आहे.

त्या शुक्रवारी एक मराठी चित्रपट लागला. बरीच चर्चा होती. मी तो शनिवारी उतरवून घेतला, अर्धा पाहिला, आवडला नाही, बंद केला. रविवारी पहाटे पुतणीच्या लग्नाला देवळ्याला निघाले. संगणकाचा पडदा तेवढा बंद केला, आतलं यंत्र मात्र चालूच राहिलं. चार दिवस. आणि एकतीस वर्षं कायद्याचं कलम भिंतीवर लावून बसलेल्या बाईला एक साधी गोष्ट माहीत नव्हती—की टॉरेंटवर आपण जे घेतो ते आपला संगणक त्याच वेळी इतरांना वाटतही असतो. मी लग्नात जिलबी खात होते, तेव्हा माझ्या घरातून तो चित्रपट कुठल्या कुठल्या माणसांना वाटला जात होता. मी पूर्ण पाहूही न शकलेला चित्रपट.

निर्मात्याने तक्रार केली. सायबर पोलिसांनी शहरातली काही कनेक्शन शोधून काढली. पुढच्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला, एक साहेब आणि एक महिला पोलीस आमच्या मजल्यावर आले. ज्याच्या नावावर कनेक्शन, त्याच्या दारात.

मी माझ्या दारात उभी राहून सगळं ऐकलं. अण्णांच्या घरात संगणकच नव्हता. कुणाही शहाण्या माणसाने यावरून एक निष्कर्ष काढला असता, साहेबांनी दुसरा काढला. "कुठं लपवला?" अण्णा म्हणाले, "काय लपवला?" "कॉम्प्युटर." "साहेब, मी यष्टी चालवायचो." त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. त्यांचा मोबाइल घेतला, वाय-फायचा डबा घेतला, पंचनामा केला. कॉपीराइटचा गुन्हा, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असं समजावून सांगितलं—सौम्य आवाजात, खरं सांगायचं तर. माझ्या पाटीवरचंच कलम होतं ते. मी ते आधी ओळखलं. अण्णांनी पहिल्यांदाच ऐकलं.

मग ते दोघे माझ्याकडे आले. शेजारी म्हणून.

माझा संगणक बाहेरच्याच खोलीत असतो. त्यावर मी भरतकाम केलेला रुमाल टाकते, धूळ बसू नये म्हणून. त्या दिवशी रुमालावर शेवंतीच्या फुलांची वाटीही होती, अण्णांनीच दिलेल्या फुलांची. महिला पोलिसाने त्याकडे पाहिलं.

"टीव्ही का, मावशी?"

हेच. इथेच. याच प्रश्नाभोवती मी इतका वेळ फिरते आहे. तिने पुढे काही विचारलं नाही, दम दिला नाही, रुमाल उचलला नाही. तिने मला पळवाट दिली नव्हती—तिला साधं वाटलं, म्हातारी बाई, रुमाल, फुलं, म्हणजे टीव्ही. 'नाही' हा दोन अक्षरांचा शब्द होता.

मी म्हणाले, "हो. जुना. बंद पडलाय."

साहेबांनी माझा जबाब लिहिला. शेजारी राहणाऱ्या ज्येष्ठ महिला, वाचनाची आवड, संगणक वापरत नाहीत. मला वाचून दाखवला. त्यात एक शुद्धलेखनाची चूक होती. मी ती दुरुस्त करून दिली—हो, केली—आणि खाली सही केली.

का? तुम्ही विचारणारच. भीती? होती, पण तुरुंगाची नव्हती. त्या रविवारी माझा सत्कार होता. एका वाचनालयाने ठरवलेला. आयुष्यभर मी शाल-श्रीफळाची टर उडवली. देणारा, घेणारा आणि फोटो काढणारा, तिघांनाही घरी जायची घाई असते, असं मीच एका लेखात लिहिलं होतं. आणि त्या गुरुवारी दारात उभी असताना माझ्या डोक्यात काय होतं? मानपत्र. त्यात मला ग्रंथांची निष्ठावान राखणदार म्हटलेलं होतं. मजकूर मला आधी दाखवला होता आणि मी विनयाने दोन विशेषणं कमी करायला सांगितली होती. निष्ठावान ठेवलं होतं.

रविवार होऊ दे, मग सांगू, असं मी ठरवलं.

संध्याकाळी अण्णा आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "ताई, विचारत होते, अजून कोण वापरतं. मी सांगितलं, कोणी नाय."

मी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"तुमचं नाव कशाला घ्यायचं? तुम्ही काय त्यातल्या हाय का? उगाच बाईमाणसाला चौकीची पायरी."

त्यांना संशय आला नव्हता. हे मला स्पष्ट सांगायचं आहे, कारण पुष्कळदा मीच स्वतःला समजावलं आहे की त्यांना ठाऊक असेल आणि त्यांनी मोठ्या मनाने झाकलं असेल. नाही. कुणीतरी बाहेरच्याने आपलं वाय-फाय चोरून वापरलं, अशी त्यांची खात्री होती. माझं नाव त्यांच्या मनाला आरोपी म्हणून शिवलंसुद्धा नव्हतं.

रविवारी ते सत्काराला आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, तिसरी रांग. भावाच्या मळ्यातल्या शेवंतीचा हार घेऊन. अध्यक्षांनी पाऊण तास भाषण केलं आणि त्यात पुस्तकांपेक्षा स्वतःच्या बालपणाबद्दल जास्त सांगितलं. एरवी यावर मी महिनाभर जगले असते. त्या दिवशी मला फक्त तो हार जाणवत होता. ओला होता. मानेला गार लागत होता.

सोमवारी मी सांगितलं का? सोमवारी मी संगणकातली हार्ड डिस्क काढली, कॅरीबॅगमध्ये घातली, वर वाळलेला हार ठेवला—तोच—आणि गोदाघाटावरच्या निर्माल्य कलशात टाकून आले. तिथे उभ्या असलेल्या एका बाईने मला हात जोडताना पाहून स्वतःही हात जोडले.

पासपोर्टच्या पडताळणीला पोलीस आले तेव्हा अण्णांच्या नावावर गुन्हा दाखल होता. अहवाल तसाच गेला. अर्ज अडकला. वकील म्हणाले, कोर्टाची परवानगी मिळू शकते, वेळ लागेल. अण्णा तारखांना जायचे. नोकरीच्या तीस वर्षांत ज्यांच्या गाडीखाली कुत्रंही आलं नाही, ते कोर्टाच्या बाकावर, आपलं नाव पुकारलेलं ऐकू यावं म्हणून कानामागे हात धरून बसायचे. मी दोनदा त्यांच्याबरोबर गेले. सोबत म्हणून. काय सोबत होती ती!

कोर्टाला वेळ लागला. बाळाला लागला नाही.

सई झाली तेव्हा अण्णांनी वाय-फायचा नवा डबा बसवून घेतला होता, पण त्यांचा मोबाइल अजून पोलिसांकडेच होता. म्हणून ते रोज दुपारी माझ्याकडे यायचे आणि माझ्या मोबाइलवरून वैशूशी बोलायचे. तिकडे सकाळ असायची, आंघोळीची वेळ. वैशू एकटी. जावई कामावर. फोन कशाला तरी टेकवून ठेवायची, आणि इकडे, रुमाल घातलेल्या त्या रिकाम्या संगणकाच्या टेबलाशी बसून अण्णा पडद्याकडे वाकून सांगायचे, "मान, वैशू, मान. मानेखाली चार बोटं. हां. आता उलटी कर. भिऊ नको. झालं, झालं." आणि बोलताना त्यांचे दोन्ही हात हवेत तसेच धरलेले असायचे—देठाखाली चार बोटं, दुसरा हात पाठीखाली. रिकामे.

एके दिवशी वैशू रडली. बाळ नाही, वैशू. "अण्णा, आई नाही, आणि तुम्ही पण नाही." एवढंच. अण्णा म्हणाले, "येतो ना. तारीख पडली की येतो." फोन ठेवून ते मला म्हणाले, "ताई, ज्याने हे केलं त्याला माहीतसुद्धा नसेल, नाय?"

मी म्हणाले, "नसेल."

दीड वर्षाने पुरावा मिळत नाही म्हणून प्रकरण बंद झालं. पुरावा कुठून मिळणार होता? पासपोर्ट आला. त्यांनी तो कपाटात ठेवला. मी विचारलं, जात का नाही? म्हणाले, "आता काय करू जाऊन? आता टबात आपली आपण बसते म्हणे."

गेल्या हिवाळ्यात वैशू सईला घेऊन पंधरा दिवस आली होती. सई अण्णांकडे जाईना. ती त्यांना ओळखत होती—मोबाइलमध्ये. समोर बसलेल्या या मोठ्या माणसाकडे पाहून ती आईच्या मागे लपायची. तिसऱ्या दिवशी अण्णा माझ्याकडे आले, त्याच टेबलाशी बसले, आणि आपल्या मोबाइलवरून आपल्याच घरी, सात पावलांवर, व्हिडिओ कॉल लावला. लगेच तिकडून हसू ऐकू आलं. फोनमधूनही आणि उघड्या दारातूनही, दोन्हीकडून. "अण्णा! अण्णा!" ते पडद्याला हात हलवत होते. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

ती माणसं परत गेल्यावर अण्णा एक दिवस कागदाचा तुकडा घेऊन आले. पुन्हा कॅलेंडरच्याच पानाचा. "ताई, पासवर्ड बदललाय. मागं कोणीतरी बाहेरचं वापरत होतं ना. आता कुणाला नाय द्यायचा. तुम्ही तेवढ्या."

पासवर्ड म्हणजे सईचं नाव आणि तिची जन्मतारीख. ज्या दिवशी ते तिथे नव्हते तो दिवस. घरातलं कुठलंही यंत्र वाय-फायला जोडताना मला तो टाइप करावा लागतो.

आज सकाळी कडीला शेवंतीची पुडी होती. फुलं पाण्यात ठेवून मी हे लिहायला बसले. सात पावलं टाकून त्यांना सांगायचं सोडून तुम्हाला सांगते आहे, हा त्याच भ्याडपणाचा पुढचा भाग आहे, मला कळतं. छापून आलेलं माझं सगळं अण्णा वाचतात, बोट ठेवून, सावकाश. अंक आला की मी तो त्यांच्या कडीला अडकवते. हाही अडकवीन.

त्याआधी हे संपादकांकडे पाठवायचं आहे. माझ्याकडे दुसरं कनेक्शन नाही. या घरातून आजवर जे बाहेर गेलं ते अण्णांच्या नावावर गेलं. हेही जाईल.